तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात डॉइट्झचं नाव एवढं का घेतो?

डिप्लोमाच्या मुलांना इंजिन शिकवायला घेतलं की हा प्रश्न येतोच, आणि पास होऊन नोकरीला लागलेली मुलं भेटली तरी तोच विचारतात: "सर, जर्मन इंजिन म्हटलं की सगळे मर्सिडीज, बीएमडब्ल्यूचं नाव घेतात. तुम्ही मात्र डॉइट्झचंच सांगत बसता. एवढं काय आहे त्या कंपनीत?" विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ज्या ऑटो सायकलचा, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या कामाच्या चक्राचा, पी-व्ही डायग्राम (दाब आणि आकारमानाचा आलेख) आपण फळ्यावर काढतो, ती ज्याच्या नावाची, तो निकोलाउस ऑटो इंजिनिअरिंग शिकलेला नव्हता. तो फिरता विक्रेता होता. किराणा मालाच्या ऑर्डरी घेत गावोगाव हिंडायचा. १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वारनं गॅसवर चालणारं इंजिन केलं, त्याची माहिती वाचून या माणसानं स्वतः प्रयोग सुरू केले. जवळचा पैसा संपत आला तेव्हा त्याला ऑयगेन लांगेन भेटला. साखर कारखानदाराचा मुलगा, कार्ल्सरूहला शिकलेला इंजिनिअर. ३१ मार्च १८६४ रोजी दोघांनी मिळून जर्मनीतल्या कोलोनमध्ये 'एन. ए. ऑटो आणि कंपनी' काढली. अंतर्ज्वलन इंजिनं, म्हणजे सिलिंडरच्या आतच इंधन जाळणारी इंजिनं, बनवण्यासाठी म्हणून उभा राहिलेला हा जगातला पहिला कारखाना. आजची डॉइट्झ ती हीच.

हे इंजिन कुणाला हवं होतं, ते समजून घ्या. वाफेचं इंजिन म्हणजे बॉयलर आला, कोळसा आला, तो टाकायला माणूस आला, आणि वाफ धरेपर्यंत थांबणं आलं. मोठ्या गिरणीला ते परवडायचं. पण छोटा छापखाना, लाकूडकाम करणारा, चार माणसांचं वर्कशॉप यांनी काय करायचं? शहरात दिव्यांसाठी गॅसचे पाइप मात्र पोचलेले होते. त्या पाइपाला जोडलं की चालू आणि कॉक फिरवला की बंद, असं यंत्र या लोकांना हवं होतं. मला या कंपनीबद्दल जिव्हाळा आहे तो इथून.

त्यांचं पहिलं यंत्र दिसायला विचित्रच होतं. उभं, माणसापेक्षा उंच सिलिंडर. खाली गॅस आणि हवेचं मिश्रण पेटलं की पिस्टन मोकळाच वर उडायचा. त्या वेळी शाफ्टशी त्याचा काही संबंध नसायचा. मग आतला गॅस थंड होऊन आकसायचा, दाब उतरायचा, आणि बाहेरच्या हवेचा दाब नि पिस्टनचं स्वतःचं वजन त्याला खाली आणायचं. खाली येतानाच पिस्टनच्या रॅकवरचं (दात्यांच्या पट्टीवरचं) गिअर एका दिशेनं पकडणाऱ्या क्लचमधून शाफ्ट फिरवायचं. म्हणजे स्फोटानं फक्त पिस्टन उचलायचा, खरं काम वातावरणानं करायचं! खडखडाट मात्र प्रचंड. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात हे धूड मागेच पडलं असतं, पण परीक्षकांमधल्या फ्रान्झ रॉयलोनं गॅस किती लागतो ते मोजायचा आग्रह धरला. लेन्वारच्या इंजिनाच्या निम्म्याहूनही कमी गॅस लागला, आणि सुवर्णपदक याला मिळालं. एफिशियन्सी मोजल्याशिवाय बोलू नका असं मी प्रॅक्टिकलला सांगतो ना, ते याचसाठी.

मागणी वाढली तसा १८६९ मध्ये कारखाना ऱ्हाइन नदीच्या पलीकडे डॉइट्झ या गावाला गेला, कंपनीचं नाव तिथलंच. १८७२ साली गॉटलिब डेमलर तांत्रिक प्रमुख म्हणून आला, त्यानं विल्हेल्म मायबाखला आणलं. पण त्या उंच यंत्रातून साधारण तीन हॉर्सपॉवरच्या वर काही निघेना. तेव्हा ऑटो मिश्रण पेटवण्याआधी दाबायच्या आपल्या जुन्या कल्पनेकडे वळला, आणि १८७६ मध्ये फोर स्ट्रोक इंजिन, म्हणजे पिस्टनच्या चार हालचालींत एक चक्र पुरं करणारं, चाललं: सक्शन (मिश्रण आत ओढणं), कॉम्प्रेशन (ते दाबणं), पॉवर (पेटून पिस्टन ढकलणं), एक्झॉस्ट (जळका गॅस बाहेर टाकणं). शक्ती तीनच हॉर्सपॉवर, वेग मिनिटाला १८० फेरे. ऑटोला स्वतःला वाटायचं की सिलिंडरमध्ये मिश्रणाचे थर राहतात, त्यातच सारी किमया आहे. खरा फायदा होता तो पेटवण्याआधी मिश्रण दाबण्याचा. कारण पुरतं उमगलेलं नसताना माणूस बरोबर जागी पोचला, यानं ऑटोबद्दलचा माझा आदर वाढतोच.

डेमलरला हलकी, वेगवान इंजिनं करायची होती. त्याचं ऑटोशी पटेना आणि १८८२ मध्ये तो बाहेर पडला, पाठोपाठ मायबाखही. पुढे डेमलरच्याच कंपनीतून मर्सिडीज आली, ते तुम्हाला माहीत आहेच. १८८६ मध्ये ऑटोचं जर्मन पेटंटही रद्द झालं, कारण फ्रान्समधल्या बो द रोशा यानं १८६२ मध्येच चार स्ट्रोकचं तत्त्व कागदावर मांडलं होतं. त्यानं इंजिन बनवलं नव्हतं, बनवलं ऑटोनं. हा निकाल कायद्याला धरून असेल, पण मला तो आजही लागतो. पाच वर्षांत ऑटो गेला. त्याच्या मुलाच्या, गुस्टाफ ऑटोच्या म्युनिकमधल्या विमान कारखान्यातूनच पुढे बीएमडब्ल्यूची एक मुळी निघाली. म्हणजे तुमची दोन्ही लाडकी नावं फिरून याच घराशी येतात.

नंतरचा इतिहास विलीनीकरणांचा आहे, तो भराभर सांगतो. १९३८ मध्ये क्लॉकनर-हुंबोल्ट-डॉइट्झ झाली. ट्रॅक्टर केले, एअर-कूल्ड डिझेल इंजिनात नाव कमावलं. १९९५ मध्ये ट्रॅक्टरचा धंदा इटलीच्या सामे कंपनीला विकला, पुढच्या वर्षी सिमेंट प्लांटच्या कंत्राटांमधला लपवलेला तोटा उघड झाला आणि कंपनी बुडता बुडता वाचली. आज ती पुन्हा मुख्यतः इंजिनंच करते. एक्सकॅव्हेटर, कॉम्प्रेसर, जनरेटरमध्ये ती बसतात. यंत्राच्या बाहेर नाव दुसऱ्याचं असतं, डॉइट्झचं शोधायचं तर इंजिनावरची प्लेट बघावी लागते.

"मग आता इलेक्ट्रिक आल्यावर यांचं काय?" हाही प्रश्न ठरलेला. बॅटरीवरच्या यंत्रणांवर ते काम करतातच, शिवाय ७.८ लिटरचं, सहा सिलिंडरचं हायड्रोजनवर चालणारं इंजिनही त्यांनी तयार केलं आहे. १८६४ च्या कोलोनमध्ये दिव्यांच्या पाइपातून जो कोळशाचा गॅस यायचा, तशा गॅसमध्येही साधारण निम्मा हायड्रोजनच असायचा.