पोपटाचं तोंड

आमच्या मेंढ्याचं नाव पोपट. आप्पांनी ठेवलेलं. का ठेवलं, हे जत तालुक्यात कुणी विचारत नाही, कारण माडग्याळी मेंढ्याची किंमत नाकावर ठरते. कपाळापासून निघालेलं नाक कमानीसारखं फुगून खाली वळलं पाहिजे, राघूच्या चोचीगत. मग लांब मान, उंच पाय आणि पांढऱ्या अंगावर तांबूस-तपकिरी ठिपके. लोकर नावालाच असते, आणि नसली तरी काही बिघडत नाही. आजोबांच्या काळात दखनी मेंढरं होती, त्यांच्या लोकरीची घोंगडी व्हायची. आता कातरणाऱ्याला पैसे आपणच द्यायचे आणि लोकर बांधाला टाकायची, अशी गत आहे. त्यामुळे सगळा जीव वजनात आणि नाकात.

आमचं शेत चार एकर. त्यातल्या दीड एकरावर डाळिंब होतं, ते तेल्या रोगानं गेलं. सत्तावीस मेंढ्या आणि एक मेंढा एवढाच बारदाना उरला. कृषी पदविका करून मी घरी आले ती याच्याच भरवशावर. माडग्याळच्या बाजारात आप्पांनी पोपटला घेतलं तेव्हा तो तीन महिन्यांचा होता. आईच्या गळ्यातल्या डोरल्यावर कर्ज काढून घेतला, त्यामुळे आई त्याला सुरुवातीला 'डोरलं' म्हणायची. "डोरल्याला पाणी दाखवलं का?" असं.

त्याची बडदास्त काय सांगू. सकाळी भिजवलेला मका आणि हरभरा, दुपारी कडवळ, संध्याकाळी शेंगदाणा पेंड आणि गव्हाचा कोंडा, वर अर्धा लिटर दूध. धान्य फार झालं की नराला मुतखडा धरतो, म्हणून मी मिठाचा चाटण दगड टांगला आणि पाण्याची बादली दिवसातून तीनदा बदलायची. पीपीआर, आंत्रविषार, सगळ्या लसी वहीत तारखेसकट. माझ्या वहीत त्याचं दर पंधरवड्याचं वजन आहे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ७४ किलो भरला.

आई मात्र वर्षभर एकच सांगत होती. मेंढरं चारायला तीच नेते, आणि पोपट महिन्यातले काही दिवस कळपाबरोबर जायचा. ती म्हणायची, "ह्याची कूस भरत न्हाई. बाकीची चरून येत्यात तवा पोट तट्ट असतंय, ह्याचं खपाटीला." पावसाळ्यात माळावर बोटभर गवत उगवतं तेव्हा तर ती हटकून बोलायची. "तो गवात तोडत न्हाई गं, वढतोय. आन् वढताना निसटतंय." आप्पा हसायचे. लाडावलेला आहे, घरचा मका माहीत आहे, माळावर कशाला राबेल? मलाही ते पटायचं. वजनाच्या आकड्यात कुठे काही दिसत नव्हतं.

माघातल्या एका यात्रेत जनावरांचं प्रदर्शन होतं. खिलार बैल, गाई, शेळ्या, आणि शेवटी मेंढ्यांचं रिंगण. आमच्या भागात यात्रा म्हणजे जनावरांचा बाजार आलाच, खरसुंडीच्या सिद्धनाथाला काय किंवा जतच्या यल्लम्मेला काय. आदल्या दिवशी कोमट पाण्यानं धुतला, एक-एक रुपयाच्या शाम्पूच्या सात पुड्या गेल्या. खुरं मी कातरली. आईनं पुढच्या उजव्या पायात काळा दोरा आणि गळ्यात कवड्यांची माळ बांधली. पहाटे चारला छोटा हत्ती टेम्पो आला. खाली भुसकट, त्यावर गोणपाट, आणि पोपटच्या शेजारी त्याला धरून आप्पा. साठ वर्षांचा माणूस थंडीत मागं उभा राहून गेला. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती तरी.

रिंगणात पोपट घेऊन मी गेले. कासरा धरून बाई आल्याचं पुकारणाऱ्याला फार अप्रूप वाटलं, त्यानं ते चारदा सांगितलं. आमचा गट 'चार दाती नर, पैदाशीसाठी', म्हणजे दुधाचे पडून चार पक्के दात आलेले. एकूण नऊ मेंढे. त्यातले दोन सोडले तर आमच्या जवळपास कुणी नव्हतं, हे बाहेर बसलेली पोरंसुद्धा बोलत होती. पोपट मान वर काढून चालायचा तेव्हा त्याच्या नाकाची सावली मातीवर वेगळी पडायची. लोकांनी मोबाईल वर केले.

परीक्षक तिघं. दोन पशुवैद्य आणि एक पांढरा पटका बांधलेले म्हातारे मेंढपाळ. आधी लांबून बघितलं, मग चालवून. मग एका डॉक्टरांनी पाठीवर तळहात फिरवला, कंबरेपाशी दाबून मांस बघितलं, मागे बसून दोन्ही अंडं हातात धरून सारखी आहेत का, घट्ट आहेत का ते तपासलं. बाहेरून कुणीतरी खाकरलं. मला त्याचं काही वाटलं नाही. पैदाशीचा नर बघताना तीच जागा आधी बघायची असते. दात सगळ्यात शेवटी.

डॉक्टरांनी डाव्या हातानं जबडा धरला आणि अंगठ्यानं खालचा ओठ दाबला. मी म्हणाले, "चार दाती आहे." ते काही बोलले नाहीत. त्यांनी तोंड मिटवलं, ओठ दोन्हीकडे फाकवून आता बाजूनं बघितलं. मग खिशातून पेन काढून दातांच्या टोकापाशी आडवं धरलं. मग म्हाताऱ्या परीक्षकांना खुणावलं. त्यांनी वाकून एकदाच बघितलं आणि "अरारा" म्हणाले. एवढ्या हळू, की ते फक्त मला आणि पोपटला ऐकू गेलं.

"ताई, इकडं या," डॉक्टर म्हणाले. "मेंढराला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात, माहीत आहे ना? वर कडक हिरडी असते. खालच्या आठ दातांची कड त्या हिरडीवर बसली पाहिजे. गवत त्या दोन्हींत धरायचं आणि मान झटकून तोडायचं. आता याचं बघा."

मी बघितलं. दात हिरडीवर बसत नव्हतेच. तोंड मिटलं की ते हिरडीच्या मागे, टाळूकडच्या मऊ भागाला टेकत होते. मधे माझ्या करंगळीच्या नखाएवढी जागा. टाळूवर दातांचे चार लालसर वळ उमटले होते. दोन वर्षं मी त्याचे दात मोजत होते. दूध दात, मग दोन दाती, मग चार. ओठ दाबायचा, मोजायचं, सोडायचं. ते दात तोंड मिटल्यावर कुठे टेकतात, हे बघायचं कधी सुचलंच नाही.

"खालचा जबडा आखूड आहे," ते म्हणाले. "गव्हाणीतला मका तो ओठानं गोळा करतो, त्यामुळे घरी कळत नाही. माळावरचं आखूड गवत याला धरताच येत नसणार." मला आई आठवली. त्यांनी पुढं सांगितलं की हे वंशात उतरू शकतं, आणि ज्या जातीत लोक फुगीर नाक निवडत जातात तिथे जबड्याकडे फार लक्ष द्यावं लागतं. "वरचं हाड वळवायला जातो आपण, खालचं मागं राहतं. मांसाच्या गटात असता तर पहिला नंबर दिला असता. पैदाशीच्या गटात नाही देऊ शकत." आणि मग, जरा संकोचून, "इंग्रजीत याला पॅरट माउथ म्हणतात. पोपटाचं तोंड. नाव काय ठेवलंय याचं?"

मी नाव सांगितलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

नंबर जाहीर झाले. आमचा आला नाही. बाहेर गलका झाला, परीक्षकांनी पैसे खाल्ले, वशिला लावला, जे नेहमी होतं ते. आप्पाही त्यात होते. मी त्यांना बाजूला घेऊन लिंबाखाली सगळं सांगितलं. त्यांनी पोपटचं तोंड उघडलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "खातोय की चांगला."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. सीमेपलीकडचे, कानडी हेल असलेले, पांढरीफटक लुंगी. नंबर आला नाही म्हणून भाव पडेल असा त्यांचा हिशेब असावा. त्यांनी पोपटभोवती दोन चकरा मारल्या, नाकावरून हात फिरवला, मान मापली, आणि आप्पांचा हात उपरण्याखाली धरला. बोटांची भाषा झाली. मला बाहेरून फक्त उपरणं हलताना दिसत होतं. शेवटी आप्पांनी हात सोडवून मला सांगितलं, एक लाख चाळीस.

डोरलं सुटत होतं. बोअरची मोटर येत होती. वर काही उरत होतं.

गिऱ्हाइकानं शेवटचं म्हणून तोंड बघितलं. ओठ दाबला, मोजले, "चार दाती, बराबर," म्हणून सोडून दिलं. अगदी माझ्यासारखं. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. तो काही खोटं बोलत नव्हता माझा बाप, हे मला लिहून ठेवायचं आहे. बाजाराचा नियमच आहे की बघणाऱ्यानं बघून घ्यावं; बैलाची खोड विकणारा सांगत नाही, घेणारा शोधतो. पण मला त्या माणसाचा कळप दिसायला लागला. पन्नास-साठ मेंढ्या आहेत म्हणाले होते.

"मालक," मी म्हणाले, "तोंड मिटवून एकदा बाजूनं बघा."

त्यांनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, मग आप्पांकडे. "बत्तीस हजार देतो," म्हणाले. तो कसायाचा भाव होता, वजनाला. आप्पांनी नुसती मान हलवली. जाताना ते आप्पांना म्हणाले, "पोरगी बुडिवणार तुमाला." रागानं नाही, उलट कौतुक केल्यासारखं म्हणाले. त्यानं आप्पांना अजून वाईट वाटलं असणार.

परतीच्या वाटेवर आप्पा ड्रायव्हरशेजारी बसले, मागं मी. पोपट गोणपाटावर बसून रवंथ करत होता. फलटणला निंबकरांच्या शेती संशोधन संस्थेत जाऊन आल्यावर मी घरी केलेली बडबड मला आठवत होती. तिथे त्यांनी सुंदरबनच्या छोट्या गरोळ मेंढीतलं एक जनुक दखनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली, जी बरेचदा जुळी देते. मी आप्पांना म्हटलं होतं, अशा मेंढ्या घेऊ. आप्पा म्हणाले होते, "नाक कुठंय तिला?" तेव्हा मला हसू आलं होतं. आम्हीही पिढ्यान्‌पिढ्या निवडतच आलो होतो की. फक्त आम्ही निवडलं ते नाक, आणि त्याच्या मागून काय येतंय ते बघायला कुणाला वेळ नव्हता.

घरी पोचायला रात्रीचे आठ वाजले. आईला सांगितलं. ती "बघ, म्हणत नव्हते?" असं म्हणाली नाही. तिनं पोपटच्या गळ्यातली कवड्यांची माळ काढून खुंटीला लावली आणि विचारलं, "पिल्लांचं काय?"

दिवाळीच्या आगेमागे पोपटची पहिली पिल्लं झाली होती. एकवीस झाली, दोन दगावली, एकोणीस जाळीच्या वाघुरीत होती. आम्ही तिघं आत गेलो. आई एकेक कोकरू मांडीत धरायची, आप्पांनी बॅटरी धरली, मी ओठ फाकवून बघायची. डॉक्टर म्हणाले होते की लहानपणी थोडा फरक असला तर वाढताना भरूनही निघतो, त्यामुळे चार-सहा महिन्यांनी परत बघायचं. तरी वहीत लिहिलं. पहिली सहा नीट. सातवं आखूड. मेंढ्या अंधारात ओरडत होत्या, पिल्लं ओरडत होती, लेंड्यांत माझे गुडघे भिजले होते. आप्पा दिवसभरात पहिल्यांदा बोलायला लागले होते: "ही चंद्रीची पाठ... ही लंगडीची... हिचं नीट असंल बघ." अठरा झाली तेव्हा चार आखूड होती. तीन माद्या, एक नर.

शेवटचा राहिला पाडव्याला झालेला. तीन महिन्यांचा असून पाठीला माझ्या मांडीएवढा. मान लांब, कानापासून गळ्यापर्यंत तांबूस, आणि नाक, काय सांगू, बापापेक्षाही वळलेलं. पोपटच्या जागी हाच, हे आप्पांनी तो आठ दिवसांचा असतानाच ठरवलं होतं. आईनं त्याला मांडीत घेतलं. मी हात पुढे केला आणि बॅटरी विझली.

"ह्याचं ऱ्हाऊ दे," आप्पा अंधारातून म्हणाले. "बॅटरी उतरली. उद्या उजेडात बघू."

बॅटरी पहाटे निघायच्या आधी मीच भरून ठेवली होती. मी काही बोलले नाही. शेजारी आईच्या बांगड्या किणकिणल्या. तिनं अंधारातच कोकराच्या तोंडात अंगठा घातला होता, हे मला त्याच्या चोखण्याच्या आवाजावरून कळलं. जरा वेळानं तिनं हात लुगड्याला पुसला, त्याला मांडीवरून उतरवलं, आणि ते ओरडत आपल्या आईकडे गेलं.