मुलाखतीआधी खटला वाचणारा दिग्दर्शक

गुन्ह्यांवर माहितीपट करू इच्छिणारी तरुण मुले नाशिकच्या जिल्हा न्यायालयात सल्ला विचारायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा कॅमेऱ्याबद्दल असतो. फाळक्यांच्या या गावात ते स्वाभाविकच म्हणायचे. मी मात्र त्यांना खटल्याच्या कागदपत्रांच्या नकलेचा अर्ज कसा करायचा ते सांगतो आणि सोबत अमेरिकी माहितीपट दिग्दर्शक एरॉल मॉरिस यांची कारकीर्द वाचायला सांगतो.

मॉरिस यांचे पहिले दोन माहितीपट १९७८ आणि १९८१ साली आले. त्यानंतर पोटासाठी त्यांनी खासगी गुप्तहेराची नोकरी केली. मृत्युदंडाच्या खटल्यांत सरकार पक्षातर्फे साक्ष देणाऱ्या एका मनोविकारतज्ज्ञावर चित्रपट करायला ते टेक्सासला गेले असता, तुरुंगात त्यांची गाठ रँडल ॲडम्स यांच्याशी पडली. १९७६ मध्ये डॅलसच्या एका पोलिसाचा खून केल्याबद्दल ॲडम्स यांना मृत्युदंडाची शिक्षा झाली होती आणि १९८० मध्ये तिचे जन्मठेपेत रूपांतर झाले होते. मॉरिस यांनी मूळ विषय बाजूला ठेवून खटल्याचे कागद वाचले, साक्षीदारांना पुन्हा गाठले, आणि ज्याच्या साक्षीवर शिक्षा उभी होती त्या डेव्हिड हॅरिसला बोलते केले. शेवटच्या मुलाखतीच्या वेळी कॅमेरा बिघडला, म्हणून साध्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण झाले. ॲडम्स निर्दोष असल्याचे हॅरिस बोलला ते नेमके त्याच फितीवर. या खटल्यावरचा त्यांचा माहितीपट ‘द थिन ब्लू लाइन’ १९८८ मध्ये प्रदर्शित झाला आणि १९८९ मध्ये ॲडम्स सुटले.

खुनाच्या वेळी हॅरिस सोळा वर्षांचा होता. आपल्याकडे बालन्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही, त्यामुळे हाच माहितीपट इथे कसा करता आला असता, हे नवख्या दिग्दर्शकाने चित्रीकरणाआधीच ठरवायला हवे.

सुटकेनंतर ॲडम्स यांनी आपल्या जीवनकथेच्या हक्कांसाठी मॉरिस यांच्यावरच दावा लावला. तो तडजोडीने मिटला आणि हक्क ॲडम्स यांच्याकडे गेले. अनेकांना हा कृतघ्नपणा वाटला. मला वाटत नाही, कारण आयुष्याची बारा वर्षे त्यांची गेली होती. म्हणून संमतिपत्राचा मसुदा करून देताना, मुलाखत कोणत्या माहितीपटासाठी आहे ते मी नावानिशी लिहितो आणि पुस्तक, मालिका किंवा चित्रपट यांचे हक्क बोलणाऱ्याकडेच राहतील, असे कलम घालतो.