चौदा फ्लॉप्या आणि नावांची उरलेली आठ अक्षरे

डेटा रिकव्हरीच्या त्या दुकानातील अर्जावर ‘माध्यमाचा प्रकार’ या रकान्यात हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि ‘इतर’ असे चार पर्याय होते. माझ्या चौदा फ्लॉप्या ‘इतर’मध्ये जमा झाल्या, तेव्हाच मी त्या उचलून घरी परत यायला हवे होते. तसे केले नाही, म्हणून दोन रविवारांत आटोपले असते अशा कामाला अडीच महिने लागले. जुन्या हार्डवेअर सिक्वेन्सरवरचे (ठेके नोंदवून वाजवणाऱ्या यंत्रावरचे) आपले काम संगणकावरील एम्युलेटरमध्ये, म्हणजे त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, न्यायचे ज्यांच्या मनात आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. शिवाय माझा राग अजून पुरता उतरलेला नाही, हेही लिहिण्याचे एक कारण आहे.

मी नाटकांना आणि लोकसंगीताच्या कार्यक्रमांना पार्श्वसंगीत देतो. २००२ साली मी अकाई कंपनीचे एमपीसी २०००एक्सएल हे यंत्र वापरलेल्या स्थितीत विकत घेतले आणि पुढची दहा वर्षे माझे बहुतेक सगळे काम त्याच्यावर झाले. १९९७ मध्ये आलेल्या एमपीसी २००० ची ही सुधारित आवृत्ती. सॅम्पलर (आवाज टिपून पॅडवर वाजवणारा) आणि सिक्वेन्सर एकाच पेटीत, बोटाने वाजवायचे १६ रबरी पॅड, त्यांच्या चार बँका म्हणजे एकूण ६४ आवाज हाताशी, ६४ ट्रॅक, ९९ सिक्वेन्स, आणि हे सगळे २४८ गुणिले ६० ठिपक्यांच्या एका लहानशा पडद्यावरून चालवायचे. पडद्याखाली सहा बटणे, बाजूला एक फिरवायचे चाक. या घराण्याचे मूळ यंत्र, म्हणजे १९८८ चे एमपीसी ६०, रॉजर लिन यांनी रचले होते आणि सोळा पॅडचा हा चौरस तेव्हापासून चालत आलेला आहे.

माझ्या यंत्राचा पडदा हळूहळू इतका फिकट झाला की भर दुपारी टॉर्च लावून तो वाचावा लागे. मग चाक उलटसुलट उड्या मारू लागले, म्हणजे लय ९२ करायला जावे तर ८९ दिसे. शेवटी फ्लॉपी ड्राइव्हने मान टाकली. त्या दिवशी माझी सगळी ढोलकी, संबळ आणि ताशा चौदा प्लॅस्टिकच्या चकत्यांत बंद झाली.

नवीन सॉफ्टवेअर का घेतले नाही, असे मला अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर मोजणीत आहे. सिंथेसायझरची नक्कल करणाऱ्याला विद्युतदाबाचे आणि तापणाऱ्या सर्किटचे वागणे पकडावे लागते. सिक्वेन्सरची नक्कल करणाऱ्याला मूळ यंत्र वेळ कशी मोजत होते ते पकडावे लागते. एमपीसी २०००एक्सएल एका मात्रेचे ९६ भाग करते, तर आजची अनेक सॉफ्टवेअर ९६० करतात. ऐकायला ९६० बरे वाटते, पण माझे ठेके ९६ वर बसवलेले आहेत. सोळांश स्वरांची एक जोडी म्हणजे ४८ भाग. स्विंग, म्हणजे त्या जोडीतल्या पहिल्या स्वराचा वाटा, ५० टक्के असेल तर दोन्हींना २४-२४ भाग मिळतात, ६६ टक्क्यांच्या आसपास ती विभागणी ३२ आणि १६ होते, म्हणजे सरळ तिहाईचा (एक तृतीयांशाचा) झोल येतो, आणि ७५ टक्क्यांना ३६ आणि १२, म्हणजे जवळजवळ घोड्याची टाप. लावणीच्या ठेक्याला मी कायम ६२ टक्के ठेवत असे. तिथे पहिल्याच्या वाट्याला साधारण ३० भाग येतात आणि ढोलकी ना सरळ चालते ना तिहाईत जाते, मधल्या मध्ये ठुमकत राहते. लय ९० असेल तर असा एक भाग सुमारे ७ मिलिसेकंदांचा असतो. सात मिलिसेकंदांनी काय बिघडते, असे म्हणणाऱ्याने एकदा एखाद्या जुन्या ढोलकीवाल्याशेजारी बसून पाहावे.

म्हणून मी व्हीएमपीसी २०००एक्सएल नावाचा एम्युलेटर निवडला. तो विनामूल्य आणि खुल्या स्रोताचा आहे, स्वतंत्रपणेही चालतो आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन म्हणूनही चालतो. पडदा तोच, बटणे तीच, ‘मेन स्क्रीन’ तोच. तो उतरवून बसवायला अर्धा तास लागला, बाहेरचे मिडी पॅड जोडायला आणखी तासभर. त्याविषयी सांगण्यासारखे काहीच नाही, सगळे पहिल्या फटक्यात झाले आणि मी त्या रात्री अतिशय खुशीत झोपलो.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेलो.

तिथे रांग नव्हती, तरी क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी लागली. अर्ज दोन पानी होता. ‘सेवेचा प्रकार’ या रकान्यात दोन चौकोन होते: ‘फाइल कॉपी’, प्रति नग ३५० रुपये, आणि ‘संपूर्ण डिस्क इमेज’, प्रति नग ४५०. मी मनात चौदाने गुणले, चौदाशे रुपये वाचतात हे पाहिले आणि ‘फाइल कॉपी’वर खूण केली. मला फायलीच तर हव्या होत्या. ही चूक माझी आहे आणि ती मी नाकारत नाही. परंतु या दोन चौकोनांत फरक काय, हे मी काउंटरवरील तरुणाला विचारले होते आणि त्याने मान वर न करता दिलेले उत्तर माझ्या लक्षात आहे: “काही नाही सर, इमेजला जागा जास्त लागते.”

आठ दिवस सांगितले होते, तेवीस लागले. दहाव्या दिवशी फोन केला तेव्हा फ्लॉप्या ‘लॅबला’ गेल्याचे समजले. पंधराव्या दिवशी लॅबमधला फ्लॉपी जाणणारा माणूस रजेवर होता. अठराव्या दिवशी तो परत आला होता, पण त्याचा ड्राइव्ह बंद पडला होता. तेविसाव्या दिवशी मला एक पेन ड्राइव्ह मिळाला. फ्लॉप्या मिळाल्या नाहीत, कारण त्या अजून लॅबमध्येच होत्या. त्या आणखी आठ दिवसांनी आल्या, आणि त्यातल्या दोघींवरची माझ्या हातची लेबले निघालेली होती.

घरी येऊन मी एम्युलेटरमध्ये लावणीचे सिक्वेन्स आणि त्यांचा प्रोग्राम, म्हणजे कोणत्या पॅडवर कोणता आवाज ते सांगणारी यंत्राची फाइल, उघडला. सिक्वेन्स नीट आले, लय आली, ट्रॅकची नावे आली. प्ले दाबल्यावर ताशा वाजला, झांज वाजली, आणि ढोलकीच्या जागी शांतता. एम्युलेटर सांगत होता की आवाजाच्या फायली सापडत नाहीत. पेन ड्राइव्हवरच्या त्या फोल्डरमध्ये पाहिले तर जिथे ढोलकीचे अकरा आवाज असायला हवे होते तिथे तीन होते आणि त्यांची नावे अर्धवट तुटलेली होती.

मी दुकानात परत गेलो. पुन्हा क्रमांकाची चिठ्ठी. या वेळी एक वरिष्ठ गृहस्थ समोर आले. त्यांचे म्हणणे असे की डिस्कवर जे दिसले ते सगळे कॉपी करून दिले आहे, अहवालात ‘शंभर टक्के यशस्वी’ असे लिहिलेले आहे, आणि नावे तर माझीच आहेत. मी आवाज चढवला, हे मला शोभले नाही. त्याचा उपयोगही झाला नाही. पुन्हा तपासणी हवी असल्यास नवीन अर्ज भरावा लागेल, असे मला सांगण्यात आले.

उलगडा माझ्या भाचीने केला. ती संगणकशास्त्र शिकते आणि तिच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. यूएसबीला जोडायचा एक फ्लॉपी ड्राइव्ह आणला आणि तिने फायलींना हात न लावता आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने एका फ्लॉपीची जशीच्या तशी प्रतिमा (तीच ती ‘डिस्क इमेज’) काढली: ५१२ बाइटचे २,८८० सेक्टर, एकूण १४,७४,५६० बाइट. मग ती प्रतिमा हेक्स एडिटरमध्ये (एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडून भाची बराच वेळ खाली-वर करत राहिली आणि म्हणाली, “मामा, या मोकळ्या जागेत कोणीतरी लिहून ठेवलंय.”

झाले होते ते असे. यंत्राची फ्लॉपी संगणकाला ओळखीच्याच, फायलींची नोंद ठेवण्याच्या फॅट पद्धतीची असते. त्या पद्धतीत प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटची असते: आठ अक्षरे नावाला, तीन विस्ताराला, आणि त्यानंतर एका बाइटपुढे काही बाइट राखीव. एमपीसीवर मात्र नाव सोळा अक्षरांचे देता येते, आणि पहिल्या आठांनंतरची उरलेली आठ अक्षरे यंत्र त्या राखीव जागेत ठेवते. संगणक ती जागा नाव म्हणून वाचतच नाही. आता रोमन लिपीत ‘ढोलकी’ हा शब्दच सहा अक्षरे खातो, सातवी अधोरेषा, आठवे घुमाऱ्याचे पहिले अक्षर, आणि ‘हुमारा’ व पुढचा दोन आकडी क्रमांक ही बरोबर पुढची आठ. मी मोठ्या व्यवस्थितपणे घुमाऱ्याचे पाच आवाज एक ते पाच असे क्रमाने नोंदवले होते. संगणकाच्या दृष्टीने त्या पाचही फायलींचे नाव एकच होते. अशा वेळी त्याला पहिली सापडते आणि बाकीच्या चार असून नसल्यासारख्या होतात. प्रोग्रामची फाइल मात्र आपल्या आवाजांना पूर्ण सोळा अक्षरी नावाने हाक मारते, आणि त्या नावाचे कोणीच नसते. तो ‘शंभर टक्के यशस्वी’ अहवाल मी जपून ठेवला आहे.

भाचीने एका संध्याकाळी छोटा प्रोग्राम लिहिला. त्याने प्रतिमेतील नोंदी एकेक करून वाचल्या, दोन्ही अर्धी नावे जोडली आणि प्रत्येक फाइल पूर्ण नावाने वेगळी काढून ठेवली. त्या फायली एम्युलेटरच्या फोल्डरमध्ये टाकल्या, प्रोग्राम पुन्हा उघडला, आणि घुमारा आला. मी प्ले दाबून खुर्चीत मागे टेकलो. भाची म्हणाली की हे जरा हळू वाजतंय. ते ६२ टक्के होते.

याच्या आधी सांगायला हवे होते असे काही आता आठवते आहे. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी तिची खिटी सरकवून भोक उघडे करावे, म्हणजे तिच्यावर काही लिहिले जात नाही. संगणक ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारण्याची शक्यता असते आणि घाईत माणूस ‘हो’ दाबतो. धातूचे झाकण बोटाने सरकवून चकतीकडे उजेडात पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात चकतीवर पांढरट बुरशी येते आणि अशी एक फ्लॉपी घातली की ड्राइव्हचे हेड मळून पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. मी सगळ्यात वाईट फ्लॉप्या शेवटी लावल्या, हा या सगळ्या प्रकरणात मला आपणहून सुचलेला एकमेव शहाणपणा.

पॅडवर बोट पडल्यावर आवाज उशिरा येत असेल तर त्याचा दोष एम्युलेटरला देऊ नये. ध्वनीच्या सेटिंगमध्ये बफर (एका वेळी गोळा करून मग वाजवले जाणारे ध्वनीचे नमुने) ५१२ असेल तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने ११.६ मिलिसेकंद तिथेच जातात, १२८ केल्यास २.९. विंडोजवर असिओ (ध्वनीचा उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर नसेल तर ही वेळ आणखी वाढू शकते. नोंदवलेला सिक्वेन्स वाजताना हा उशीर सगळ्यांनाच सारखा होतो, म्हणून ठेका बिघडत नाही. बिघडतो तो फक्त हाताने वाजवताना. जुने यंत्र शेवटचे धडपडत चालू असताना मी त्याचा आणि एम्युलेटरचा तोच सिक्वेन्स शेजारी शेजारी रेकॉर्ड केला होता, आणि माझ्या कानाला ठेक्यात फरक आढळला नाही. आवाज थोडा वेगळा वाटतो, विशेषतः संबळाचा, पण तो माझ्या जुन्या यंत्राच्या गंजलेल्या जॅकचाही परिणाम असू शकतो.

एक फ्लॉपी म्हणजे ४४,१०० दराचा एकेरी आवाज जेमतेम १६ सेकंद. त्यामुळे एकेका कार्यक्रमाचे आवाज दोन-तीन फ्लॉप्यांवर विभागलेले होते आणि लेबले गेलेल्या त्या दोघी कुणाच्या, हे आतली नावे वाचल्यावरच समजले. ज्यांचे यंत्र अजून चालते त्यांनी सिक्वेन्स ‘मिड’ (इतर संगीत-सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या मिडी फाइलच्या) स्वरूपातही साठवून ठेवावेत, आणि नावे देताना पहिल्या आठ अक्षरांतच वेगळेपण आणावे: क्रमांक आधी, ढोलकी नंतर.

चौदापैकी अकरा फ्लॉप्या पूर्ण वाचल्या गेल्या, दोघींचे काही सेक्टर गेले पण त्यात झांजेच्या शेपटाखेरीज काही गमावले नाही. चौदावी, जिच्यावर एका नाटकाचा सगळा संबळ आहे, ती पहिल्यांदा अजिबात वाचली गेली नाही. डीडीरेस्क्यू आपली नोंदवही ठेवतो आणि न वाचलेल्या सेक्टरकडे पुन्हा पुन्हा जाऊ शकतो. गेल्या रविवारी त्याने आणखी एकतीस सेक्टर मिळवले. आज सकाळी चकती पुसून ती पुन्हा लावली आहे.