पाइप बांधायचे तर नीट बांधा

आज दिवसभर स्प्रिंकलरचे पाइप बोलेरोवर चढवणं-उतरवणं चाललं. हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस, गावोगावी हेच दिसते, म्हणून लिहितो.

पाइप सहा मीटरचा, गाडी चार मीटरच्याही आत. म्हणजे दोन मीटरच्या वर पाइप बाहेर राहणारच. सगळा मागे सोडला तर पांदणीत नाला चढताना शेपूट मातीला टेकते आणि कपलरचा, म्हणजे पाइपला पाइप जोडायच्या तोंडाचा, हूक वाकतो. मग वावरात जोड गळत बसतो. म्हणून थोडा पुढे, बाकी मागे. कपलरची तोंडं मागच्या बाजूला ठेवा, काचेकडे नको.

पाइप गुळगुळीत, त्यावर नायलॉनची दोरी घसरते. नुसती आवळून काही होत नाही. ब्रेक मारला की अख्खा गठ्ठा पुढे सरकतो. कॅरिअरच्या दोन्ही आडव्या दांड्यांना जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, तिच्यावर पाइप ठेवा. आधी गठ्ठा दोन जागी स्वतंत्र बांधा, मग दांड्यांना. शेवटी पुढचं टोक बंपरच्या हुकाला, मागचं मागच्या हुकाला. हे दोन दोर सगळ्यात महत्त्वाचे, अन् लोक नेमके हेच सोडतात.

एक-दोन किलोमीटरवर थांबून दोर पुन्हा आवळा, पाइप बसले की ते ढिले पडतातच. दहा-बाराच्या वर टपावर नको. चाकोरीत गाडी एका अंगाला कलते. दोन खेपा करा. नोझल अन् रबरी रिंगा खताच्या पिशवीत, सीटखाली. मागे लाल फडकं विसरू नका भाऊ.