मोज्यांचा फोटो

खांबावर चढायच्या आधी वायरमननं रबरी हातमोजे काढून तुरीच्या धसकटावर ठेवले अन् त्यांचा फोटो काढला.

"नवीन ॲप आलंय दादा. मोजे, बेल्ट, अर्थिंग, सगळ्याचे फोटो गेल्याबिगर काम सुरू करता येत नाही. अन् मोजे घालून स्क्रीनवर बोट चालतंय का?"

औशाच्या माळावर रेंज कुठली! फोटो जाईस्तोवर गावातून तीन फोन, लाईट कधी येणार म्हणून. शेवटचा फोटो गेला तसा गडी घाईत वर. मोजे धसकटावरच.

मी ओरडलो तेव्हा उतरला.

११ केव्हीची लाईन बंद होती, मान्य. पण कुणाचं जनरेटर चुकीचं जोडलेलं असलं, तर बंद तारेतही उलटी वीज येते की.

ॲपमध्ये मात्र मोज्यांपुढं हिरवी टिक. ॲप बनवणाऱ्यानं मोजे घालून एकदा तरी मोबाईल चालवून बघितला असेल का?