पी व्हॅल्यू 0.44 आली आणि मला वाटलं झालं काम

स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करून पुण्यात नोकरीला लागले आणि पहिलाच स्टडी हातात आला तो बायोइक्विव्हॅलन्सचा, म्हणजे जेनेरिक गोळी आणि मूळ ब्रँडची गोळी रक्तात सारखीच पोचते का ते बघायचं. 24 निरोगी व्हॉलंटियर, साधा टू बाय टू क्रॉसओव्हर, निम्म्यांना आधी आपली मग ब्रँडची, बाकीच्यांना उलट, मधे वॉशआउट, म्हणजे पहिलं औषध अंगातून निघून जाईपर्यंतची सुट्टी. यात प्रत्येक माणूस स्वतःशीच ताडून बघता येतो म्हणून कमी लोकांत भागतं.

डेटा आल्या आल्या मी सीमॅक्स म्हणजे रक्तातली सगळ्यात वरची पातळी घेतली, लॉग घेऊन अ‍ॅनोव्हा ही सरासरींतला फरक तपासायची टेस्ट चालवली, पी व्हॅल्यू 0.44, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा किंवा जास्त फरक दिसायची शक्यता 44 टक्के. फरक नाही म्हणजे दोन्ही सारख्या, असं धरून मी खुशीत मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, फरक सापडला नाही म्हणजे फरक नाही असं कुठं आहे? चारच माणसं घेतलीस तर कशातच फरक सापडणार नाही."

इथं प्रश्नच उलटा मांडायचा असतो. गोळ्या वेगळ्या आहेत हे आधी गृहीत धरायचं आणि ते खोटं ठरवायची जबाबदारी आपली. त्यासाठी दोन एकतर्फी टेस्ट, दोन्ही 5 टक्क्यांवर, म्हणूनच आपली गोळी भागिले ब्रँडची या प्रमाणाचा 90 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं प्रमाण कुठून कुठपर्यंत असू शकेल तो पट्टा, बघतात, 95 चा नाही. तो पूर्णच्या पूर्ण 80 ते 125 टक्क्यांच्या आत बसला पाहिजे. 125 का तर लॉगवर 0.80 आणि 1.25 शून्यापासून सारख्याच अंतरावर येतात, मला हे तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं.

परत बसले. एयूसी, म्हणजे रक्तात एकूण किती औषध पोचलं त्याचं माप, छान बसला, 93.4 ते 111.4. सीमॅक्सचं प्रमाण 108, इंटरव्हल 91.2 ते 127.8. वरचं टोक बाहेर, स्टडी फेल. पी व्हॅल्यू तीच, 0.44!

कारण शोधलं तर त्याच माणसातला चढउतार आम्ही प्लॅनमध्ये 22 टक्के धरला होता, निघाला 35. 35 ला प्रमाण 0.95 धरलं तरी 80 टक्के पॉवरसाठी, म्हणजे गोळ्या खरंच सारख्या असतील तर स्टडी पास व्हायची शक्यता 80 टक्के हवी तर, 52 लोक लागतात, आणि आमचं तर 1.08 आलेलं, मग आकडा अजून वाढतो, शेवटी 72 घेतले. मला त्याचंच फार वाईट वाटलं, कारण आधीच्या 24 जणांनी दर थोड्या वेळानं सुई टोचून घेतली होती आणि त्यातनं उत्तर निघालंच नाही. सॅम्पल साइज ही फॉर्म भरायची गोष्ट नाही, त्यावर दोन दिवस जास्त घालवावेत असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या वेळी 70 जणांनी पूर्ण केलं. सीमॅक्सचं प्रमाण 106, इंटरव्हल 96.6 ते 116.4. सॉफ्टवेअरनं दिलं तरी मी कॅल्क्युलेटरवर सगळं पुन्हा काढलं आणि मगच मॅडमना मेल केला.