नकाशाबाहेरचा गेंडा

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या एका खासगी अभयारण्यात मी काळ्या गेंड्यांच्या नोंदी सांभाळते. गेंडा ओळखायचा तो कानांवरून. एकदा बेशुद्ध केला की ठरलेल्या जागी खाचा पाडतात, त्यांवरून त्याचा क्रमांक लागतो. झुडपातून एकच कान दिसला तर ती नोंद बाद. अशा बाद नोंदी किती, हे वार्षिक अहवालात कधीच येत नाही.

त्या दिवशी बाबांबरोबर दक्षिणेच्या दरीत उतरले. बाबा म्हणजे आमचे झुलू वाटाडे, हयात माग काढण्यात गेलेली. चोरटे शिकारी वाढल्यापासून गस्त सगळी कुंपणालगत, त्यामुळे या दरीत कोणी फिरकत नाही. मागच्या पायांनी उधळलेलं ताजं शेण दिसलं. बाबांनी त्यातली एक काडी माझ्या तळहातावर ठेवली. टोक तिरकं, कात्रीनं छाटावं तसं साफ. काळा गेंडा झुडपांच्या फांद्या अशाच छाटून खातो. पांढरा गेंडा गवत खातो, त्याच्या शेणात अशा काड्या नसतात. मोज्यात भरलेली राख झटकून बाबांनी वारा पाहिला आणि वळसा घालून नेलं. गेंड्याला दिसतं बेताचं, ऐकू मात्र सगळं येतं. आम्ही पुरते पोचायच्या आत त्याच्या पाठीवरच्या ऑक्सपेकर पक्ष्यांनी चुगली केलीच. त्यानं तोंड फिरवलं, कान ताठ केले आणि मला दोन्ही कानांच्या खाचा मिळाल्या. नाकावर शिंगाचा खुंट; चोरट्यांनी मारू नये म्हणून शिंग कापून टाकलेलं.

शिंग कापल्यापासून वावरक्षेत्र निम्म्यावर आलं म्हणून ज्याचा नकाशा साहेबांनी देणगीदारांना दाखवला, तोच हा नर. नकाशातल्या रेषेच्या चांगलाच बाहेर उभा.

क्षेत्र आक्रसतं हे खोटं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या 10 अभयारण्यांमधल्या 368 काळ्या गेंड्यांचा अभ्यास 2023 मध्ये आला. शिंग कापलेल्यांचं वावरक्षेत्र त्यात सरासरी 45.5 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. पण त्यामागे चोवीस हजारांवर नोंदी होत्या. आमच्याकडे या नराच्या वर्षभरात वीससुद्धा नाहीत!

हलुहलुवे-इम्फोलोझी या आमच्याच प्रांतातल्या अभयारण्यात उलटं झालं होतं. तिथली क्षेत्रं 54 टक्क्यांनी वाढलेली दिसली, म्हणजे गेंडे जास्त आणि चारा खालावला, असं निदान झालं. पुढे 2004 ते 2009 मधल्या 1,939 नोंदींना 1960 च्या दशकातलीच पद्धत लावून पाहिली, तर क्षेत्रं जवळपास होती तेवढीच निघाली. बाहेरचे ठिपके जोडून प्रौढ नराचं वर्षाचं क्षेत्र काढायचं तर 55 नोंदी हव्यात, हेही त्यातच दिसलं. जंगलाला किती गेंडे झेपतील, किती दुसरीकडे हलवायचे, हे असल्या आकड्यांवर ठरतं. म्हणून जीव जळतो.

साहेब म्हणाले, "एका ठिपक्यासाठी नकाशा बदलायचा?"

एका ठिपक्यानं काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. शेजारच्या शिंगवाल्या नराला टाळत तो दरीत सरकला असेल. किंवा पहिल्यापासून तिथे जात असेल, आम्हीच जात नव्हतो. बाबांनी शेणाचा ढीग काठीनं उकरून खालचा जुना, वाळलेला थर दाखवला. पण एका ढिगावर बरेच गेंडे शेण टाकतात, त्यामुळे तोही पुरावा पक्का नाही.

दरीत नियमित गस्त मागितली आहे. बंदूकधारी रक्षक मोकळा नाही, असं उत्तर आलं. अहवाल मात्र जुन्याच नकाशासकट छपाईला गेला.